थ्री-डी लेझर स्कॅनर आणि दारामागची भिंत

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की अजूनही मला मनातल्या मनात इंग्रजीत आकडा मांडावा लागतो. त्यामुळे सरांनी मराठी विभागासाठी टेक्निकल लेख मागितला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. मग वाटलं, ज्या विषयाने मला गेल्या उन्हाळ्यात आजीसमोर मान खाली घालायला लावली, तो विषय मराठीतच लिहायला हवा. कारण हा अंक आजी वाचणार आहे. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या असतील. गणिताच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

विषय आहे थ्री-डी लेझर स्कॅनर. म्हणजे एखादी खोली, देऊळ, लेणे किंवा कारखाना जसाच्या तसा, तिन्ही मितींमध्ये मोजून कॉम्प्युटरवर आणणारे यंत्र. सिव्हिलवाल्यांना तो सर्व्हेइंगचा भाग वाटेल, मेकॅनिकलवाल्यांना रिव्हर्स इंजिनिअरिंगचा आणि कॉम्प्युटरवाल्यांना ग्राफिक्सचा. तिघांचंही बरोबर आहे.

टेपपासून स्कॅनरपर्यंत

हॉस्टेलची खोली मोजायची तर आपण टेप घेतो. लांबी, रुंदी, उंची, झालं काम! पण यात आपण एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, की भिंती सरळ आहेत आणि कोपरे काटकोनात आहेत. नवीन बिल्डिंगमध्ये हे साधारण खरं असतं. जुन्या नाशकातल्या वाड्यात मात्र समोरासमोरच्या दोन भिंतींची लांबी सुद्धा सारखी येत नाही. मग कर्ण मोजा, खांब मोजा, कोनाडा मोजा. वही भरते आणि तरी घरी आल्यावर नकाशा जुळत नाही.

पुढची पायरी म्हणजे टोटल स्टेशन. प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी ते हाताळलं आहे. दुर्बिणीतून एक बिंदू धरायचा, यंत्र अंतर आणि कोन देतं. अचूकता उत्तम, पण एका वेळी एकच बिंदू. आमच्या बॅचने पूर्ण दिवस उन्हात उभं राहून जेमतेम दीडशे बिंदू घेतले होते, आणि त्यातले काही मेसची वेळ झाली म्हणून घाईत घेतले होते (सर, माफ करा).

लेझर स्कॅनर म्हणजे एका अर्थी वेड लागलेलं टोटल स्टेशन. ते बिंदू निवडत बसत नाही. जिथे नजर जाईल ते सगळं मोजत सुटतं, सेकंदाला लाखो बिंदू. या सगळ्या बिंदूंचा जो ढीग तयार होतो त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. मी त्याला मराठीत 'बिंदूंचा ढग' म्हणणार आहे. लांबून तो फोटोसारखा दिसतो, जवळ गेलं की रांगोळीच्या ठिपक्यांसारखा सुटा सुटा होतो. फरक एवढाच की इथल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचे एक्स, वाय आणि झेड आहेत.

उजेड जाऊन येतो

अंतर मोजण्याची मूळ कल्पना डोंगरात हाक मारण्यासारखी आहे. हाक मारली, प्रतिध्वनी आला, मधला वेळ मोजला, वेगाने गुणलं आणि दोनाने भागलं. कारण आवाज जाऊन परत आलेला असतो. स्कॅनर हेच उजेडाने करतो. अडचण फक्त वेगाची आहे. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. म्हणजे एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर.

१० मीटरवरच्या भिंतीवरून किरण परत यायला सुमारे ६७ नॅनोसेकंद लागतात. आता भिंत १ मिलिमीटरने पुढे आहे की मागे, हे ओळखायचं असेल तर वेळेतला फरक किती ओळखावा लागेल? जाण्यायेण्याचे मिळून २ मिलिमीटर, म्हणजे साधारण ६.७ पिकोसेकंद. नॅनोसेकंदाचा दीडशेवा भाग! इथे खरी इंजिनिअरिंग आहे. ही पद्धत 'टाइम ऑफ फ्लाइट' नावाने ओळखली जाते आणि लांबच्या अंतरासाठी ती चांगली.

दुसरी पद्धत फेज मोजण्याची. इथे लेझरची तीव्रता लाटेसारखी कमीजास्त केलेली असते. गेलेली लाट आणि परत आलेली लाट यांच्यात जो फरक पडतो त्यावरून अंतर काढतात. पण लाट पुन्हा पुन्हा तशीच येते, मग किती लाटा उलटून गेल्या हे कसं कळणार? त्यासाठी लांब आणि आखूड अशा दोन-तीन लाटा एकत्र वापरतात. घड्याळातल्या काट्यांसारखंच हे. तासकाटा ढोबळ वेळ सांगतो, मिनिटकाटा नेमकी. नुसत्या मिनिटकाट्यावरून 'वीस मिनिटं झाली' कळतं, पण किती वाजून, ते कळत नाही. लांब लाट हा तासकाटा, आखूड लाट हा मिनिटकाटा.

तिसरी एक पद्धत त्रिकोणाची. लेझरची रेघ वस्तूवर पाडायची आणि बाजूच्या कॅमेऱ्याने ती कुठे वाकली ते बघायचं. लहान वस्तूंसाठी ती फार बारीक काम करते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने १९९८-९९ मध्ये इटलीत मायकेलँजेलोचे पुतळे याच तत्त्वावर स्कॅन केले होते.

आरसा फिरतो, यंत्र फिरते

एक अंतर मिळालं. पण दिशा? स्कॅनरमध्ये एक छोटा आरसा उभ्या पातळीत गरगर फिरत असतो, तो किरण खाली-वर टाकतो. त्याच वेळी संपूर्ण यंत्र हळूहळू आडवे फिरते. आरसा दोन्ही बाजूंना किरण टाकत असल्यामुळे यंत्र १८० अंश फिरले तरी पूर्ण गोल झाकला जातो. फक्त ट्रायपॉडच्या बुडाशी एक गोल राहतो, तिथलं त्याला दिसत नाही. दिव्याखाली अंधार, अगदी शब्दशः.

प्रत्येक किरणासाठी तीन आकडे मिळतात : अंतर, आडवा कोन, उभा कोन. त्यावरून

एक्स = अंतर × कॉस (उभा कोन) × कॉस (आडवा कोन)
वाय = अंतर × कॉस (उभा कोन) × साइन (आडवा कोन)
झेड = अंतर × साइन (उभा कोन)

उदाहरणार्थ अंतर १० मीटर, उभा कोन ३० अंश, आडवा कोन शून्य. मग एक्स ८.६६ मीटर, वाय शून्य आणि झेड ५ मीटर. अकरावीची त्रिकोणमिती! फक्त ती सेकंदाला लाखो वेळा करायची.

चौथा आकडा सुद्धा मिळतो आणि तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. परत आलेला किरण किती जोरकस आहे, ती इंटेन्सिटी. पांढरा चुना भरपूर उजेड परत पाठवतो, कोळसा फार कमी. त्यामुळे सपाट भिंतीवर कोळशाने काही लिहिलं असेल तर आकारात काही फरक नसूनही ते इंटेन्सिटीत दिसू शकतं. लेझर स्वतःचा उजेड स्वतः घेऊन येतो, म्हणून अंधारात सुद्धा.

आता बिंदू किती दाट? समजा दोन किरणांमध्ये ०.०३६ अंशाचे अंतर ठेवले. तर १० मीटरवर दोन बिंदूंमध्ये ६.३ मिलिमीटर पडतील, २० मीटरवर दुप्पट. पूर्ण गोलात १०,००० उभ्या ओळी आणि प्रत्येक ओळीत, वरपासून खाली १५० अंश धरले तर, ४,१६७ बिंदू. गुणाकार करा : एका जागेवरून ४ कोटींच्या वर. प्रत्येक बिंदूला १६ बाइट दिले तर सुमारे ६७० एमबी. पेन ड्राइव्ह का पुरत नाही ते कळलं ना?

पांडवलेण्यातलं गृहपाठ

स्कॅनरला भिंतीपलीकडचं दिसत नाही. खांबामागचंही नाही. म्हणून जागा बदलून अनेक स्कॅन घ्यावे लागतात. किती आणि कुठे, हे यंत्र सांगत नाही, आपल्याला ठरवावं लागतं. याची सवय व्हावी म्हणून सरांनी आम्हाला त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यात नेलं. स्कॅनर नव्हता, आणि संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. सरांनी फक्त कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाले, "तीन नंबरच्या लेण्यात स्कॅनर कुठे कुठे उभा कराल ते दाखवा."

हे तीन नंबरचं लेणं म्हणजे सातवाहनांचा मोठा विहार. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख इथल्याच व्हरांड्यात आहे. आतला मंडप सुमारे ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल, तीन बाजूंना मिळून भिक्षूंच्या १८ खोल्या. आम्ही ऐटीत मंडपाच्या मध्यभागी एक फुली मारली. सरांनी विचारलं, "खोल्यांच्या आत काय आहे?" प्रत्येक खोलीचं दार अरुंद, आत दगडी ओटा. मध्यभागातून दारातून जेवढी पट्टी दिसते तेवढीच. म्हणजे १८ खोल्यांचे १८ स्कॅन, मंडपाचे किमान तीन-चार, व्हरांड्याचे दोन-तीन, आणि बाहेरचे वेगळे. एका फुलीचे पंचवीस झाले.

मग सरांनी दुसरा प्रश्न टाकला. "शिलालेख वाचता येईल का या स्कॅनमध्ये?" अक्षराची रेघ काही मिलिमीटरची, आणि आपले बिंदू ६ मिलिमीटरवर. अर्थात नाही! त्यासाठी स्कॅनर जवळ न्यायला हवा, बिंदू खूप दाट करायला हवेत. गंमत म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अभ्यासक हे काम ओल्या कागदाने करत. कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वर शाई फिरवायची, की अक्षरांचा एकास एक मापाचा ठसा मिळतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आणि नंतर एमिल सेनार यांनी नाशिकचे लेख वाचून प्रसिद्ध केले, त्या काळाचं हे तंत्र. म्हणजे ठराविक कामासाठी ओला कागद लाखोंच्या स्कॅनरपेक्षा सरस ठरू शकतो. आधी प्रश्न, मग यंत्र. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. तरी विसरले.

आमचा रविवार

माझं आजोळ जुन्या नाशकात, भांडी बाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, भिंतीच्या जाडीतून वर जाणारा अंधारा जिना, सागवानी खांब आणि तुळया. गेल्या वर्षी धोकादायक इमारतीची नोटीस आली. मामाने ठरवलं की पावसाळ्याच्या आत वाडा उतरवायचा. आजी ऐकेना. म्हणायची, "शंभर वर्षं उभा आहे रे. मी असेपर्यंत उभा राहील."

मी सरांना म्हटलं, निदान मोजून तरी ठेवूया. आमच्या कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याचा सर्व्हेचा व्यवसाय आहे. त्यांनी एक रविवार स्कॅनर आणि स्वतः असे दोन्ही दिले, फक्त मामीच्या हातच्या पुरणपोळीवर. आम्ही चौघं, सर आणि ते दादा.

सकाळी सातला सुरुवात. आधी बोळात एका पक्क्या दगडावर खूण करून ती आमची कायमची बेंचमार्क. मग पांढरे गोळे आणि काळ्यापांढऱ्या चौकटीचे कागद जागोजाग लावले. हे टार्गेट्स. दोन स्कॅन एकमेकांना जोडायचे तर दोन्हींत दिसणारे निदान तीन बिंदू हवेत, आणि ते एका रेषेत नसावेत. दोनच असतील तर काय होईल? दार जसं दोन बिजागऱ्यांवर फिरतं तसा एक ढग दुसऱ्याभोवती फिरत राहील. तिसरा बिंदू म्हणजे कडी. या जोडकामाला रजिस्ट्रेशन म्हणतात.

शेजारच्या दोन खोल्यांचे स्कॅन नीट जुळावेत म्हणून दोघांना एकमेकांचा काही भाग दिसायला हवा. म्हणून दादांनी सांगितलं, सगळी दारं सताड उघडा. आम्ही उघडली. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुपारपर्यंत बऱ्याच गमती झाल्या. आजीच्या खोलीतल्या मोठ्या आरशाने स्कॅनरला चक्क फसवलं. किरण आरशावरून वळून पलंगावर गेला, पण यंत्राला वाटलं तो सरळच गेला. त्यामुळे ढगात भिंतीच्या पलीकडे अजून एक खोली तयार झाली, त्यात अजून एक पलंग! नंतर आम्ही आरशावर चादर टाकली. घासून लख्ख केलेल्या पितळी हंड्यावरूनही तसेच भलतेसलते बिंदू आले. मांजर तीन स्कॅनमध्ये तीन ठिकाणी अर्धवट आली आहे.

संध्याकाळी सहापर्यंत १४ जागा झाल्या. म्हणजे जास्तीत जास्त ५८ कोटी बिंदू, नऊ जीबीच्या वर. आम्हाला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. हॉस्टेलवर परत येताना रिक्षात आम्ही गाणी म्हणत होतो.

ढगाने काय सांगितलं

पुढचे दहा दिवस लॅबमध्ये गेले. क्लाउडकंपेअर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ज्यांना शिकायचं असेल त्यांनी तिथून सुरुवात करा. सगळे स्कॅन जोडल्यावर ढगाचा पातळ काप घेता येतो. जमिनीपासून एक मीटरवर आडवा काप घेतला की आपोआप प्लॅन मिळतो. उभा काप घेतला की सेक्शन. आणि सेक्शनमध्ये खोटं बोलायची सोय नसते. चौकाच्या नदीकडच्या भिंतीचा उभा काप घेतला तर वरचा भाग बाहेरच्या बाजूला झुकलेला, आणि मधल्या तुळईला डोळ्यांना न दिसणारा पण मोजता येणारा झोल.

सरांनी तो सेक्शन तपासला, मग स्ट्रक्चरच्या मॅडमना दाखवला. नंतर त्या दोघांनी घरी येऊन आजीला कागदावर समजावून सांगितलं. आजीने ओळंबा बघितलेला, तिला प्लंब लाइन शिकवावी लागली नाही. बराच वेळ कागद बघून ती मामाला म्हणाली, "भिंत चालायला लागली म्हणजे आपणही चालायला हवं." महिन्याभरात वाडा उतरला. खांब, दारं आणि चौकटी मामाने जपून ठेवल्या. भिंती अर्थात नाहीत.

दारामागची भिंत

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी लॅपटॉप घेऊन मामाच्या नव्या फ्लॅटवर गेले. आजीला वाडा दाखवला. ढगातून तिला दिंडी दरवाज्यातून आत नेलं, ओसरी, चौक, जिना. तिला फार आवडलं. मांजर बघून हसली. मग म्हणाली, "माजघराचं दार लोट जरा. मागची भिंत दाखव."

मी म्हटलं, "आजी, यातलं दार लोटता येत नाही."

"मग मागून दाखव."

मी ढग फिरवून मागून आले. दाराच्या फळीमागे अडीच फुटांची काळी पट्टी. एकही बिंदू नाही. उघडं दार भिंतीला टेकलेलं होतं, आणि चौदा जागांपैकी एकाही जागेवरून त्यामागचं दिसत नव्हतं.

"काय होतं गं तिथे?"

तिथे आजोबांच्या रेघा होत्या. गोदावरीचा पूर माजघरात आला की पाणी ओसरल्यावर आजोबा भिंतीवर ओल दिसते तिथे कोळशाने रेघ ओढून वर्ष लिहीत. १९६९ चा महापूर, आणि त्याच्या बऱ्याच खाली २००८ चा. दाराआड, कारण दिवाळीला चुना देताना तिथपर्यंत कोणी हात घालत नाही.

आपण नाशिककर पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, बुडाला. पण मारुती नदीपात्रात आहे. त्याच पाण्याने गावात, एका बोळात, एका उंबरठ्याच्या किती वर मजल मारली, याची खूण म्हणजे त्या दोन रेघा. पूररेषा आखायची असो किंवा एखादं गणिती मॉडेल खरं की खोटं तपासायचं असो, अशी प्रत्यक्ष खूण सोन्यासारखी असते. हायड्रॉलिक्सच्या तासाला हेच शिकवतात. आणि ती खूण, पांढऱ्या चुन्यावर काळा कोळसा, इंटेन्सिटीत अगदी स्पष्ट उमटली असती. दार दोन मिनिटं लोटून एक जास्तीचा स्कॅन, एवढंच हवं होतं. किंवा त्याहून सोपं, सकाळी आजीला एक प्रश्न : "यातलं काय राहायला नको?" आम्ही तिला फक्त पुरणपोळीचं विचारलं.

मी गप्प बसले होते. आजीच म्हणाली, "एकोणसत्तरची रेघ दाराच्या वरच्या कडीच्या चार बोटं खाली होती. रोज कडी लावताना दिसायची." २००८ ची तिला नक्की आठवेना.

कडी मात्र ढगात होती! दाराची फळी पुढून उत्तम स्कॅन झाली होती. कडीपासून उंबरठा, उंबरठ्यापासून बोळातला बेंचमार्क, सगळं मिलिमीटरमध्ये. आजीची चार बोटं मी पट्टीने मोजली, तीनदा. त्यावरून १९६९ ची पातळी काढली आणि फाइलमध्ये नोंद केली : 'आजीच्या सांगण्यावरून, चूक पाच सेंटिमीटरपर्यंत धरावी.' सरांनी ती नोंद वाचून पहिल्यांदाच माझ्या रिपोर्टवर लाल शाई वापरली नाही. २००८ समोर मात्र रकाना रिकामा आहे.

नक्कल सुद्धा जपावी लागते

या विषयावर वाचताना मला अजिंठ्याची एक हकिगत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं तिथली भित्तिचित्रं मोठ्या कॅनव्हासवर उतरवत राहिला. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती आणि १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ मध्ये पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. मूळ चित्रं अजिंठ्यात, नक्कल आगीत! म्हणजे एकदा उतरवून घेतलं की सुटलो, असं नाही. आमचे नऊ जीबी आता तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यातली एक हार्ड डिस्क मामाच्या कपाटात.

उलट उदाहरणंही आहेत. पॅरिसचं नोत्र दाम चर्च कला-इतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी लेझरने स्कॅन करून ठेवलं होतं, शंभर कोटींहून जास्त बिंदू. १५ एप्रिल २०१९ ला त्याचं छप्पर जळालं, तेव्हा टॅलन हयात नव्हते, पण त्यांचा ढग होता. पुनर्बांधणीत त्याची मदत झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. आपल्या शेजारी गुजरातमध्ये पाटणची राणी की वाव २०११ मध्ये स्कॉटलंडच्या चमूने आणि सायआर्क या संस्थेने पुरातत्त्व खात्याबरोबर स्कॅन केली. सायआर्क काढणारे बेन कासिरा हे मूळचे इराकमधल्या मोसुलचे इंजिनिअर. सुरुवातीचे लेझर स्कॅनर बाजारात आणणाऱ्यांपैकी तेच एक. २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या गेल्या, त्यानंतर २००३ मध्ये त्यांनी ही संस्था काढली.

ज्युनियर्ससाठी

लेझर स्कॅनर महाग आहे, रोज मिळणार नाही. पण २०२० पासून काही मोबाइलमध्येही लहानसा लेझर सेन्सर येतो, खोलीपुरता तो चालतो. तोही नसेल तर साध्या मोबाइलने एकमेकांवर निम्म्याहून जास्त येतील असे भरपूर फोटो काढा. त्यावरून सॉफ्टवेअर थ्री-डी मॉडेल बनवतं, त्याला फोटोग्रामेट्री म्हणतात. फक्त फोटोत एक टेप ठेवा, नाहीतर आकार मिळेल पण माप नाही. आणि आम्ही शिकलो ते पाच नियम :

१. यंत्र लावण्याआधी घरात सर्वांत जास्त वर्षं राहिलेल्या माणसाला विचारा, काय राहायला नको.
२. प्रत्येक दार उघडं एकदा आणि बंद एकदा.
३. आरसे झाका. काच आणि चकचकीत भांडी यांच्या मापावर विश्वास ठेवू नका.
४. निदान एक खूण अशी घ्या जी इमारत गेल्यावरही जागेवर राहील.
५. साइट सोडण्यापूर्वी ढग उघडून काळ्या जागा शोधा. दिसलेलं सगळेच बघतात.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. ढगातली काळी जागा म्हणजे तिथे काही नव्हतं असं नाही. तिथे आपण बघितलं नाही, एवढाच तिचा अर्थ. कॉम्प्युटर मात्र दोन्ही सारखंच दाखवतो.

जुन्या नाशकात अजून बरेच वाडे उभे आहेत, आणि दर पावसाळ्याला त्यांची संख्या कमी होते. कोणाच्या तरी भिंतीवर २००८ ची रेघ अजून असेल. या अंकाचे वाचक, मेसमधले काका, ऑफिसमधला स्टाफ, तुमच्यापैकी कोणाच्या घरी ती असेल तर मला थर्ड इयर सिव्हिलला निरोप द्या. मी टेप घेऊन येईन. दार मी स्वतः लोटीन.